जोड थंड होईपर्यंत

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला लपायला जागा राहणार नाही. पाण्याच्या पाइपाचा एक जोड मी वेळेआधी सोडला. तो फुटला तेव्हा मी गप्प राहिलो. त्यावर मी जो अहवाल लिहिला त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्या अहवालामुळे सुपडू आप्पांनी चालणं सोडलं.

हा जोड उत्तर ध्रुवाकडच्या एका गावात होता. मी जामनेरचा आणि आप्पा शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. जामनेरच्या माणसाने शिंदखेड्याच्या माणसावर अन्याय करायला इतक्या लांब जायची खरं तर गरज नव्हती. जळगावातही ते जमलं असतं. पण कंपनीने तिकिटं काढली होती.

सुपडू आप्पा आमच्या जळगावच्या पाइपांच्या कंपनीत जोडारी होते. प्लास्टिकच्या मोठ्या पाइपांची दोन टोकं तापलेल्या तव्यावर मऊ करायची, एकमेकांवर दाबायची आणि थंड होईपर्यंत क्लॅम्पमध्ये घट्ट धरून ठेवायची, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. अवघड भाग शेवटचा, कारण त्यात काहीच करायचं नसतं. बाहेरून जोड दोन मिनिटांत झाल्यासारखा दिसतो. आत तो मऊच असतो.

मी कंपनीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना, भुसावळच्या पुढे एका केळीच्या बागेपर्यंत पाइपलाइन टाकणं चाललं होतं. आप्पांनी जोड दाबला, क्लॅम्प आवळला, डोक्याला रुमाल बांधला, काळी छत्री उघडली आणि चालू पडले. मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, माणूस काम सोडून घरी निघाला. मी धावत गेलो.

"आप्पा, कुठे चाललात?"

"मारुतीपर्यंत."

"दर्शनाला?"

"नही. जोड थंडा व्हवाले टाकेल शे ना." मग माझ्याकडे पाहून त्यांना कीव आली असावी. "किशोरभाऊ, जोड व्हयना का माणूसनी तठून निंघी जावाले पाहिजे. जवळ उभा ऱ्हायना का हात शिवशिवस."

हा त्यांचा सिद्धांत होता. जोडाचा शत्रू ऊन नाही, धूळ नाही. जोडाशेजारी रिकामा उभा असलेला माणूस. म्हणून ते घड्याळ वापरत नसत. घड्याळ बघायचं तर जोडाजवळ थांबावं लागतं. त्यांची मापं वेगळी होती. नव्वद मिलिमीटरचा पाइप असेल तर शेताच्या बांधापर्यंत जाऊन यायचं. दोनशेचा असेल तर गावच्या मारुतीपर्यंत. तीनशे पंधराचा असेल तर चहाच्या टपरीपर्यंत, आणि तिथे एक चहा, बशीत ओतून. नव्या गावात काम निघालं की आप्पा आदल्या दिवशी जाऊन मारुती आणि टपरी कुठे आहे ते पाहून येत. टपरी फार जवळ असेल तर दोन चहा घेत. मी पहिल्या महिन्यात चोरून घड्याळ लावून पाहिलं. कंपनीच्या पुस्तकातली वेळ आणि आप्पांची चाल यांत कधी अर्ध्या मिनिटाचाही फरक पडला नाही. आणि त्यांचा एकही जोड कधी गळला नव्हता.

म्हणूनच ध्रुवाकडचं काम आलं तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांचं नाव काढलं. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, समुद्राकाठी एक गाव. तळ्यापासून गावच्या टाकीपर्यंत फोमचं आवरण घातलेला आमचा पाइप जमिनीवरून न्यायचा होता. काम फक्त उन्हाळ्यातले दोन महिने चालणार. इंजिनियर म्हणून मी, जोडारी म्हणून आप्पा. आप्पांनी सामानात दोन किलो शेव, कळण्याचं पीठ, स्टीलचा तांब्या आणि ती काळी छत्री घेतली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पिठाची पिशवी वर धरून हे काय आहे विचारलं. मी ज्वारी, उडीद असं सांगत बसलो. आप्पांनी सरळ चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकलं आणि पिशवी त्याच्यापुढे केली. त्याने घाईघाईने शिक्का मारला.

शेवटचं विमान आमच्या शिरपूरच्या एसटीपेक्षा लहान होतं. उतरलो तर समोर दगड, शेवाळ, पाण्याची डबकी, आणि झाड म्हणून एक नाही. ऊन चोवीस तास, पण कामाचं नाही. आप्पांनी दोन स्वेटरवर कोट चढवला होता. तेवढ्यात रस्त्यावरून पाण्याचा टँकर घरघरत गेला आणि एका घरापुढे नळी लावून उभा राहिला. आप्पांचा चेहरा उजळला.

"देखा का किशोरभाऊ! दुनियाना शेवटले उनूत, आनि आठे बी टँकरच शे!"

त्या क्षणापासून ते गाव त्यांना परकं वाटलं नाही.

कामावर देखरेख करायला मार्गरेट नावाच्या बाई होत्या. कडक, पण न्यायी. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: गावाबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही, पांढरी अस्वलं फिरतात. रखवालीसाठी गावातले एक वयस्कर गृहस्थ रायफल घेऊन बसलेले असत. सत्तरीचे, बोटभर उंचीचे पांढरे केस, तोंडात दात मोजकेच. त्यांचं नाव लांब होतं. आप्पांनी त्यांना पाहताक्षणी "राम राम आबा" म्हटलं, आणि आठवड्याभरात मार्गरेटबाईही त्यांना आबा म्हणू लागल्या.

पहिला जोड झाला. आप्पांनी क्लॅम्प आवळला, छत्री उघडली आणि डोंगराच्या दिशेने चालू पडले. मार्गरेटबाई ओरडल्या. आबा रायफल घेऊन मागे धावले. आप्पांना धरून परत आणलं. मी त्यांना अस्वलाचं समजावलं.

"बरं," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. "मंग जोड बी तसाच ऱ्हाई."

"म्हणजे?"

"मी चालनू नही तं तो थंडा कसा व्हई?"

अर्धा दिवस काम बंद. मी भाषांतर करत होतो आणि लाजेने मरत होतो. मार्गरेटबाईंनी कारण विचारलं, मी हात शिवशिवण्याचा सिद्धांत इंग्रजीत सांगितला. त्यांनी तो दोनदा सांगायला लावला. मग आपली वही उघडून त्यांनी कामाच्या पायऱ्यांमध्ये एक भर घातली. सहावी पायरी, क्लॅम्प आवळणे. सातवी पायरी, जोडाऱ्याने सशस्त्र सोबतीसह फिरून येणे. खाली सही केली. माझीही घेतली.

आता प्रश्न मापाचा उरला. झाड नाही, बांध नाही, टपरी नाही. आप्पा दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्यांना दूर टेकाडावर दगडावर दगड रचून केलेली माणसासारखी आकृती दिसली. तिकडचे लोक वाट दाखवायला तशा उभ्या करतात. आप्पा आबांना घेऊन तिथपर्यंत गेले, आले, आणि मला म्हणाले, "मारुती सापडी गया. बराबर दोनशेना शे."

शेंदूर लावायचंही त्यांच्या मनात होतं. पुडी काढलीही होती. आबांनी रायफल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आप्पांनी पुडी परत खिशात घातली आणि लांबूनच हात जोडले. त्यावर आबांनी खिशातून वाळवलेल्या माशाचा तुकडा काढून पुढे केला. आप्पा माळकरी. त्यांनी तो कपाळाला लावून परत दिला आणि स्वतःची शेव पुढे केली. आबांनी खाल्ली, खोकले, डोळे पुसले आणि पुन्हा हात पसरला.

तिथून पुढे जे झालं ते मी जळगावात सांगितलं तर लोक हसतात. आधी आबा एकटे सोबत जायचे. मग आबांची बायको निघाली. मग कोटाच्या पाठीवरच्या टोपडीत बाळ घेतलेल्या दोन सुना, दुकानदार, टँकरचा ड्रायव्हर, चार कुत्री. तिकडचा उन्हाळा एवढासा, आणि चालायला निमित्त कोणालाही आवडतं. गावचा एक छोटा रेडिओ होता, त्यावर कोणाच्या हरवलेल्या हातमोज्यापासून सगळं सांगत. त्यावर आता "जोड झाला" हेही सांगू लागले. ते ऐकलं की घरांची दारं उघडत. पुढे काळी छत्री धरलेले आप्पा, शेजारी रायफलवाले आबा, मागे गाव. दोघे पूर्ण वेळ बोलत. आप्पा अहिराणीत, आबा त्यांच्या भाषेत. मी एकदा विचारलं, काय बोलता एवढं? आप्पा म्हणाले, "त्यानी सून चहामा साखर जास्त टाकस." ते त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. पण मी नंतर आबांच्या घरी चहा प्यायलो. साखर जास्त होती.

आता माझ्यावर येतो. मी या सगळ्यात कुठे होतो? मी जोडाजवळ होतो. मशीन सोडून सगळ्यांनी जाऊ नये असं मीच ठरवलं होतं. कोणी मला थांबवलं नव्हतं, पण चल असंही म्हटलं नव्हतं. मी प्रमुख होतो. हुद्दा माझा, पदवी माझी, इंग्रजी माझं. आणि गाव चालत होतं एका सातवी शिकलेल्या माणसाच्या छत्रीमागे. मला डास चावत होते. तिकडच्या डासांबद्दल मी वेगळं लिहू शकेन, पण त्यांच्या आड लपणं बरं नाही.

जोड क्रमांक एकशे चौदा. नेहमीप्रमाणे सगळे गेले. टेकाडावरून हसण्याचा आवाज येत होता. मी क्लॅम्पकडे पाहिलं. वाटलं, काय थोतांड आहे हे. जोड तर झालेलाच आहे. चौथ्या मिनिटाला मी क्लॅम्प उघडला. जोड व्यवस्थित दिसत होता, गोल, गुळगुळीत. मी पाइप थोडा हलवूनही पाहिला. मग त्यांची छत्री परत येताना दिसली आणि मी घाईने क्लॅम्प पुन्हा आवळला.

आप्पांनी येऊन क्लॅम्प काढला, जोडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"नाराज दिसस," ते म्हणाले.

"कोण?"

"जोड."

मी म्हटलं, हवा दमट आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पाणी सोडायच्या दिवशी सगळं गाव लाइनीच्या कडेने उभं होतं. आबांनी भाषण केलं. मार्गरेटबाईंनी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी तळ्यातून निघालं, आणि एकशे चौदावर पाइप उकलला. फवारा दोन पुरुष उंच गेला. गावाला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या वाजल्या. आबांनी आनंदाने हवेत गोळी झाडली. टँकरच्या ड्रायव्हरने सवयीने बादली आणली. बर्फासारख्या त्या पाण्यात लोक भिजून नाचत होते. एकटे आप्पा छत्री मिटून उभे होते. ते जोडाकडे पाहत नव्हते. स्वतःच्या पायांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी नवा जोड झाला, पाणी टाकीत पोचलं, काम संपलं. मार्गरेटबाईंनी मला एवढंच विचारलं, "काय झालं असेल?" मी म्हटलं, तपासून कळवतो. आणि जळगावला मी लिहिलं: *जोड क्रमांक एकशे चौदा थंड होत असताना संबंधित तंत्रज्ञ जागेवर उपस्थित नव्हता.* नव्हताच. वाचून पाहा, खोटं सापडणार नाही. मी त्या रात्री शांत झोपलो, हेही लिहून ठेवतो.

कंपनीने परिपत्रक काढलं. जोड थंड होईपर्यंत जोडाऱ्याने जोडाजवळच उभं राहावं. आप्पांना कोणी बोललं नाही, दंड केला नाही. ते स्वतःच जोडाजवळ उभे राहू लागले. हात मागे बांधून, मान खाली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. भुसावळला एका कामावर मी त्यांना तसं पाहिलं आणि गाडीतून उतरलोच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभात कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते माझ्या हस्ते दिलं. मी तोवर वर चढलो होतो. भाषणात मी म्हणालो की आप्पांनी आम्हाला संयम शिकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला तो फवारा आठवला.

दिवाळीला फोन केला की अक्का, म्हणजे त्यांची बायको, उचलायच्या. "तुमना आप्पा घरबाहेर निंघत नहीत, भाऊ. मारुतीले बी नही. म्हणतस, मन्हा पाय खोटा शेत." मी तब्येतीची चौकशी करायचो, टॉनिकचं नाव सांगायचो, आणि फोन ठेवायचो. दर वर्षी. पाच-सहा वर्षं.

यंदा मे महिन्यात कंपनीच्या पत्त्यावर एक खोकं आलं. बाहेर आप्पांचं नाव. आत सीलच्या कातड्याचे, गुडघ्यापर्यंत उंच, केसाळ बूट. आबांच्या बायकोने शिवलेले. सोबत त्यांच्या नातीची इंग्रजी चिठ्ठी होती: पाणी नीट येतं. आम्ही अजून दगडापर्यंत जाऊन येतो. कारण आता कोणाला आठवत नाही, पण जातो. आजोबा विचारतात, छत्रीवाले चालतात ना?

ते खोकं मी कुरियरने पाठवू शकलो असतो. दोन दिवस ते माझ्या टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि धुळ्यावरून शिंदखेड्याकडे निघालो.

आप्पा अंगणात निंबाखाली बाजेवर बसले होते. वाळले होते. भिंतीवर ते घड्याळ होतं, बंद पडलेलं. बूट पाहून अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "हाई काय, अस्वलना पाय कापी आनात का?" आप्पांनी बूट मांडीवर घेतले, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात ते पायात चढवले. मग तसेच बसून राहिले. मी चिठ्ठी वाचून दाखवली. छत्रीवाल्या वाक्याशी ते दुसरीकडे पाहू लागले.

"आप्पा, जरा चालून बघा ना. बसतात का ते."

"कोठे जासू? मन्हा पायस्ले अक्कल नही, भाऊ."

मी गाडीत पाठ करून आलो होतो. म्हणालो, "आप्पा, जोड क्रमांक एकशे चौदाच्या बाबतीत कामाच्या प्रक्रियेत माझ्याकडूनही काही त्रुटी राहिली असावी, असं मला…"

"हाई काय रिपोर्ट वाची ऱ्हायनात का?" आप्पा म्हणाले, आणि वर माझीच समजूत काढली. "तुमनी काय चूक, साहेब? जोड मन्हा व्हता."

तेव्हा माझा धीर सुटला. "क्लॅम्प मी उघडला, आप्पा. तुम्ही टेकाडावर होतात तेव्हा. तुम्ही येताना दिसलात तेव्हा परत लावला."

अक्कांचं हसणं थांबलं. आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कितला मिनिटले?"

"चौथ्या."

"म्हंजे जोड मन्हा चांगला व्हता?"

"चांगला होता."

"आनि पाय?"

"पायही बरोबर होते, आप्पा. पूर्ण बरोबर."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "कसाले उघाडा?"

मी कारणं शोधली. थंडी, डास, हवा. आणि जे खरं होतं तेच तोंडातून आलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे सांगू नये. "तुम्ही सगळे गेला होतात. मला कोणी बोलावलं नाही."

"बलावानं काय ऱ्हास त्यामा?" आप्पा खरंच गोंधळून म्हणाले. "रस्ता मोकळाच व्हता ना."

एवढं बोलून ते उठले. दाराआडची काळी छत्री घेतली, उघडली, आणि अंगणाबाहेर पडले. अक्का ओरडल्या, "ओ! ते केसाळ बूट काढा पहिले! पाय उकडी जाईत!" ते थांबले नाहीत. मे महिन्याचं ऊन, नांगरून पडलेलं काळं रान, आणि त्यातून मारुतीच्या दिशेने निघालेली छत्री, खाली सीलच्या कातड्याचे बूट. बांधावरची एक म्हैस मान वळवून पाहत राहिली.

मी अंगणातच उभा होतो. सवयीने. बाजेजवळ.

बांधावर पोचून ते वळले. "किशोर!" त्यांनी हाक मारली. भाऊ नाही, साहेब नाही. "आते बी तठेच उभा ऱ्हाशी का?"

मी धावलो. माझ्या बुटांत ढेकळं गेली, धाप लागली. ते माझ्यासाठी थांबले नाहीत, त्यांची चाल ठरलेली होती. मारुतीच्या पारापाशी मी त्यांना गाठलं. ते रांजणातलं पाणी पीत होते. जामनेर सोडल्यापासून मी घरची भाषा कोणापुढे बोललो नव्हतो, आणि आप्पांची अहिराणी तर कधीच नाही. पण पाठ केलेलं सगळं विसरलो होतो, ती अहिराणीच तेवढी उरली होती.

"आप्पा," मी म्हणालो, "मी चुकनू. माले माफ करा."